सोल्डर न लागणारी यंत्रे

पहाटे ४.४५, चंद्रपूर

मे महिन्यात चंद्रपूरची पहाट थंड नसते, फक्त कमी गरम असते. पंखा रात्रभर तापलेली हवाच फिरवतो, आणि अंगणात उभे राहिले तरी भिंतींतून कालचे ऊन बाहेर पडत असते. या वेळेला निघालो तर गडचिरोली गाठेपर्यंत सूर्य डोक्यावर येत नाही, म्हणून बॅग रात्रीच भरून ठेवतो.

सरकारी दवाखान्यांतली उपकरणे दुरुस्त करणे हे माझे काम. नोकरी कंत्राटी, हुद्दा बायोमेडिकल इंजिनिअर, गावोगावी ओळख ‘मशीनवाले सर’. बॅगेत मल्टिमीटर, स्क्रूड्रायव्हरचा संच, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, कापसाचे बोळे, शाळकरी पोरांचे पांढरे खोडरबर, पिवळी कॅप्टॉन टेप, चांदीच्या शाईचे पेन आणि सोल्डरिंग आयर्न. आयर्न तळाशी असते. नोकरीला लागलो तेव्हा ते वरच्या कप्प्यात असायचे. आता आठवडेच्या आठवडे जातात, त्याचे टोक तापत नाही.

कारण साधे आहे. यंत्रांतल्या तारा आता तारा राहिलेल्या नाहीत. त्या छापलेल्या असतात. प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर चांदीची किंवा कार्बनची शाई, आणि त्या शाईच्या रेघांतून वीज. ही फिल्म पॉलिएस्टरची. पॉलिएस्टर अडीचशे अंशांच्या आसपास वितळते आणि माझ्या आयर्नचे टोक तीनशेच्या वर असते. टोक टेकवले की रेघ, फिल्म आणि दुरुस्ती, तिन्ही एका सेकंदात संपतात.

दुसरी पिशवी थंड पेटीची. लसीसाठी वापरतात तसलीच, लहान. तिच्यात आज ग्लुकोमीटरचे कंट्रोल सोल्युशन आहे आणि काही स्ट्रिप्सच्या डब्या. बर्फाच्या पाकिटाला त्या चिकटू नयेत म्हणून मध्ये जुन्या वर्तमानपत्राची घडी.

५.३०, मूल रस्ता

गाडी चंद्रपूर सोडून मूलच्या रस्त्याला लागली की दोन्ही बाजूंनी जंगल येते. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची कमान दिसते. ड्रायव्हरभाऊ इथे वेग कमी करतात. वाघ आडवा येण्याची भीती आहेच, पण आज कारण वेगळे: तेंदूपत्त्याचा हंगाम. रस्त्याच्या कडेने बायामाणसे डोक्याला फडके बांधून, पाण्याचे डबे घेऊन जंगलात शिरत होती. ऊन चढायच्या आत पाने तोडून घरी आणायची, मग सावलीत बसून पुडे बांधायचे. एका पुड्यात ७० पाने. या दिवसांत गावात सकाळी दहाच्या आधी म्हाताऱ्या माणसांखेरीज कोणी सापडत नाही. मुंबईहून आलेल्या वेळापत्रकात तपासणी शिबिराची वेळ सकाळी नऊ लिहिलेली असते, ती कोणी पाळत नाही, आणि न पाळण्यातच शहाणपण आहे.

ड्रायव्हरभाऊंचे वडील बल्लारपूरच्या कागद कारखान्यात होते. १९४५ साली सुरू झालेल्या त्या कंपनीने इथल्या बांबूवर देशभराच्या वह्या पुरवल्या. भाऊंनी मला मागे एकदा विचारले होते, “सर, तो विजेचा कागद म्हनतात, त्याच्यात बांबू लागते का जी?” लागत नाही. पण प्रश्न चुकीचा नव्हता. ई-पेपर बनवणाऱ्यांना कागदाचीच नक्कल करायची होती. पांढऱ्यावर काळे, उन्हात वाचता यावे, आणि एकदा उमटले की वीज न खाता तसेच राहावे.

७.१५, गडचिरोली

व्याहाडच्या पुढे वैनगंगा ओलांडली की जिल्हा बदलतो. मेमध्ये नदी म्हणजे बहुतेक वाळूच. गडचिरोली शहरात चहा, पोहे, आणि नागपूरहून बसने आलेले एक पार्सल. त्यात वजनकाट्याचे दोन कीपॅड. मागवले होते पाच.

८.३०, धानोरा रस्त्यावरचे एक प्राथमिक आरोग्य केंद्र

केंद्राचे नाव लिहीत नाही. इथली माणसे नेटाने काम करतात आणि बिघाड त्यांचा नाही.

तक्रार बाळाच्या वजनकाट्याची. सिस्टर सांगत होत्या, “शून्याचं बटन लागतच नाही जी सर. दुपटं टाकून वजन घ्यावं लागते, मंग दुपट्याचं वजा करा.” प्रसूतिकक्षात रात्री अडीचला, बाळ रडत असताना, वजाबाकी करायची. बाळ अडीच किलोच्या वर की खाली, यावर त्याची पुढची सगळी देखभाल ठरते आणि दुपटे दोनशे ग्रॅमचे असू शकते. बटन लहान, पण त्याची गोष्ट लहान नाही.

काटा उघडला. बटनांचा निळा पत्रा आतून म्हणजे तीन पदर. वरच्या फिल्मच्या पोटाला चांदीचे वर्तुळ छापलेले, खालच्या फिल्मवर चांदीच्या बोटांची जाळी, मध्ये भोके पाडलेली चिकट फिल्म. बोट दाबले की वरचे वर्तुळ भोकातून खाली टेकते आणि मंडळ पूर्ण होते. यात एकही तार नाही, एकही स्क्रू नाही. चंद्रपूरच्या गल्लीबोळांत लग्नपत्रिका छापतात त्याच स्क्रीन प्रिंटिंगने हे छापलेले असते: जाळी, जाळीवर शाई, रबरी पट्टीने ओढलेला एक हात. फरक शाईत आहे. इथे कुंकवाच्या लालऐवजी चांदीचा कीस. अशा शाया आणि लेप करण्याचे शास्त्र आपल्याकडे नाही असे नाही. पुण्यात पाषाण रस्त्याला सी-मेट ही सरकारी प्रयोगशाळा आहे, १९९० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची, आणि तिथे चांदीच्या पेस्टवर काम चालत आले आहे. त्या पेस्टची शेवटची परीक्षा मात्र धानोऱ्याकडच्या प्रसूतिकक्षात होते.

भिंग लावून पाहिले. शून्याच्या बटनाकडे जाणारी रेघ फिल्म जिथे वाकते तिथे तुटलेली. केसाएवढी चीर. शेजारच्या दोन रेघांच्या मधे काळपट झाडासारखी वाढ. ही पावसाळ्याची कमाई. ओलावा आणि वीज एकत्र आली की चांदी हळूहळू एका रेघेकडून दुसरीकडे सरकते, आणि मग कोणी हात न लावता बटन आपोआप दाबले जाते. गेल्या वर्षीच्या श्रावणात याच काट्याबद्दल “रात्री स्वतःच वाजते” अशी तक्रार आली होती. तेव्हा कोणाला त्यात भूत दिसले, मला चांदीच दिसली.

नवा कीपॅड लावावा तर पार्सलमधले दोन्ही दुसऱ्या मॉडेलचे. म्हणून पेन. अल्कोहोलने जागा पुसली, काळी वाढ लाकडी काडीने खरवडली, चिरेवर चांदीच्या शाईची एक रेघ ओढली. हात हलला तर शेजारच्या रेघेला लागते, म्हणून श्वास धरून. वीस मिनिटे वाळू दिली. मल्टिमीटरने रोध पाहिला: मूळ रेघेच्या काही पट, पण चालेल इतका. वर कॅप्टॉन टेपचा तुकडा. मग फिल्मची शेपटी ज्या खोबणीत बसते तिथले काळे पडलेले दात खोडरबराने घासले. शून्य लागले.

“किती दिवस चालंन जी?”

“पाऊस पडेपर्यंत,” मी म्हणालो. सिस्टर हसल्या, पण मी गंमत करत नव्हतो.

१०.००, तेच केंद्र

दहाच्या सुमाराला ओपीडी भरू लागली. तेंदूवाले परतले होते. ग्लुकोमीटरची तक्रार होती, म्हणून तपासणीच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसलो.

या टेबलावर छापील इलेक्ट्रॉनिक्सचा सगळ्यात यशस्वी माल रोज वापरला जातो आणि रोज फेकला जातो. साखर तपासायची स्ट्रिप. प्लास्टिकच्या पट्टीवर कार्बनचे दोन-तीन मार्ग छापलेले, टोकाला विकराचा सुकवलेला थेंब. रक्त टेकवले की पट्टी ते स्वतःच आत ओढते, अर्धा-एक मायक्रोलीटर, म्हणजे टाचणीच्या डोक्याहून लहान. विकर रक्तातल्या ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढून घेते, मधला एक रेणू ते कार्बनच्या रेघेपर्यंत पोचवतो, यंत्र अर्ध्या व्होल्टहून कमी दाब लावून प्रवाह मोजते आणि पाच सेकंदांत आकडा. विकराचा इलेक्ट्रोड ही लेलँड क्लार्क यांची १९६२ ची कल्पना. छापलेल्या पट्टीच्या रूपात ती बाजारात आली १९८७ मध्ये, पेनाच्या आकाराच्या एका मीटरबरोबर. ई-पेपरचे वाचक, गुंडाळता येणारे पडदे, कपड्यांत विणलेले सेन्सर यांची चर्चा वर्तमानपत्रांत जितकी झाली त्याच्या शतांशही या पट्टीची झाली नाही. आणि जंगलातल्या शेवटच्या गावापर्यंत पोचली ती हीच.

पहिले आजोबा आले. बोटाला स्पिरिटचा बोळा फिरवला, टोचले, स्ट्रिप लावली. २९६.

आशाताई चमकल्या. आजोबा तर वाळलेल्या काटकीसारखे. “यायला शुगर कशी जी?” आजोबा माडिया बोलीत काही बोलले, ताईंनी मराठीत सांगितले, “म्हनतात, सकाळपासून काहीच नाही खाल्लो. नुसते आंबे पाडले नातवासाठी, अन् एक कापला.”

मी आजोबांचे बोट धरले. चिकट होते. त्यांना हातपंपावर नेले, साबणाने हात धुवायला लावले, पुसायला लावले, आणि दुसऱ्या बोटाला टोचले. ११८.

फळ सोललेल्या बोटावर साखरेचा पातळ थर राहतो. स्पिरिटच्या बोळ्याने तो पुरता निघत नाही, पाणीच लागते. स्ट्रिपला कळत नाही की साखर रक्तातली की गावठी आंब्याची. तिला कळतात ते फक्त इलेक्ट्रॉन. यंत्र बरोबर होते, स्ट्रिप बरोबर होती, आणि आजोबांच्या हातात गोळ्यांची पुडी पडता पडता राहिली. टेबलावर साबणाची वडी आणि पाण्याची बादली ठेवा एवढी दुरुस्ती मी वहीत लिहिली. त्याला सुटा भाग लागत नाही, म्हणून ते कोणत्याच फॉर्ममध्ये बसत नाही.

दुसरी गोष्ट अवघड होती. डॉक्टरमॅडमनी एका बाईचा कागद पुढे केला. ग्लुकोमीटरवर साखर वाढलेली, तालुक्याच्या प्रयोगशाळेत नसेतून काढलेल्या रक्तात जवळजवळ ठीक. “मीटर बदलून द्या,” मॅडम म्हणाल्या. मी कंट्रोल सोल्युशन लावले. डबीवर छापलेल्या मर्यादेत आकडा आला. मग मॅडमना विचारले, हिमोग्लोबिन किती? ६.४.

रक्तात तांबड्या पेशी कमी असल्या की त्याच थेंबात पाणेरी भाग जास्त होतो, ग्लुकोजला इलेक्ट्रोडपर्यंत पोचायला अडथळा कमी होतो आणि आकडा फुगतो. चांगल्या स्ट्रिप्स हे स्वतः मोजून दुरुस्त करतात. स्वस्तातल्या करत नाहीत. त्यांच्या पाकिटातल्या बारीक अक्षरांच्या घडीत लिहिलेले असते की तांबड्या पेशींचे प्रमाण अमुक टक्क्यांच्या खाली असेल तर आकड्यावर विसंबू नका. ती घडी कोण उघडतो? ज्या जिल्ह्यात पंडुरोग घरोघरी, सिकलसेल अनेक कुटुंबांत, तिथे ती अट काठावरची राहत नाही, रोजची होते. मॅडम लगेच म्हणाल्या, “सिकलसेल असेल तर तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीवरही भरवसा नाही.” तेही खरे. म्हणजे दोन्ही सोपे रस्ते बंद, आणि उरतो नसेतले रक्त, बाटली, बर्फ आणि तालुक्याला जाणारी गाडी.

ग्लुकोमीटरचे आंतरराष्ट्रीय मानक २०१३ चे. शंभराच्या वरचा आकडा पंधरा टक्के इकडेतिकडे चालतो, शंभरातल्या ९५ वेळा. हे मानक वाईट नाही. पण ते तपासताना कोणाचे रक्त घेतले जाते आणि खोलीत तपमान किती असते, हे खरेदीच्या निविदेत कोणी विचारावे असे मला वाटते. निविदेत फक्त एका स्ट्रिपचा दर विचारतात.

आणि तपमान. डबीवर बहुतेक वेळा ३० अंशांपर्यंत ठेवा असे लिहिलेले असते. औषधांच्या खोलीतला भिंतीवरचा थर्मामीटर तेव्हा ३९ दाखवत होता आणि अजून अकराही वाजले नव्हते. स्ट्रिप्सचा साठा माठाजवळच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटाबाहेर, लाकडी पेटीत हलवला. फ्रिजमध्ये ठेवू का, असे फार्मासिस्टनी विचारले. नको. थंड डबी उघडली की आत दव धरते आणि विकर भिजते. झाकण घट्ट, डबीतले शोषक तसेच, हात कोरडे. सकाळपासून मी जास्तीत जास्त वेळ हेच सांगत असतो. इंजिनिअरिंगला यातले काही शिकवले नव्हते.

१२.३०, लसींची खोली

आयएलआर, म्हणजे लसींचा बर्फाच्या भिंतींचा फ्रिज, आज व्यवस्थित. २ ते ८ अंशांच्या मधे. त्याचे तपमान मोजणारा लॉगर मोबाइलच्या जाळ्यातून आकडे पाठवतो. जाळे नसले की साठवून ठेवतो.

इथे थोडा रेंगाळतो, कारण या खोलीत मला आवडणारी एक छापील वस्तू आहे. पोलिओच्या लसीच्या कुपीवरचे लेबल. जांभळट वर्तुळ, त्यात फिकट चौकोन. चौकोनाची शाई उष्णतेने हळूहळू गडद होते. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की कुपी फेकायची. १९९६ पासून हे लेबल पोलिओ लसीवर येऊ लागले. बॅटरी नाही, चिप नाही, आकडा नाही. किती तास किती उष्णता लागली याची बेरीज शाई स्वतः करते आणि उत्तर दाखवत राहते, वीज गेली तरी. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही वाचता येते. ई-पेपरकडून जे मागितले गेले, त्यातले बरेचसे या एवढ्याशा चौकोनाने आधीच दिले होते. इंजिनिअरांच्या बैठकीत मात्र याला कोणी इलेक्ट्रॉनिक्स म्हणत नाही, त्यामुळे त्याला पुरस्कारही कमी.

मग शिडी लावून छतावर. सौर पॅनेलवर लाल धूळ. पाण्याचा हात फिरवताना काचेखालच्या पांढऱ्या बारीक रेघा दिसतात: चांदीची पेस्ट, स्क्रीन प्रिंटिंग. खालच्या वजनकाट्यातली तीच पद्धत, तोच धातू. जगात छापून वीज वाहणारी सगळ्यात जास्त चांदी अशाच पॅनेलांवर आहे. काट्यातली दोन पावसाळ्यांत गेली, ही पंचवीस वर्षांच्या हमीवर उभी आहे, दिवसभर उन्हात. म्हणजे छपाई नाजूक असते म्हणून हात झटकणे खोटे आहे. पॅनेलवर काच आहे, कडा बंद आहेत, आत ओलावा जात नाही. काट्याच्या कीपॅडची कड कारखान्यात नीट बंद केली असती तर सिस्टरना रात्री वजाबाकी करावी लागली नसती. पण काटा विकणाऱ्याला पंचवीस वर्षांची हमी कोणी मागत नाही.

२.००, मोहाच्या झाडाखाली

ऊन उतरेपर्यंत गाडी हलवत नाही. डबा उघडला. पोळी, वांग्याची भाजी, कैरीची चटणी. ड्रायव्हरभाऊ टॉवेल तोंडावर घेऊन आडवे.

गाडीत सीटवर राहिलेले रक्तदाबाचे यंत्र आणायला गेलो तर पडदा पूर्ण काळा. नवख्याने हे यंत्र मोडीत काढले असते. त्या पडद्यातले द्रव स्फटिक ठरावीक तपमानाच्या वर आपली ओळीत उभे राहण्याची शिस्त सोडतात. सावलीत अर्धा तास ठेवले की शुद्धीवर येतात. आले.

माझे स्वतःचे ई-पेपरचे वाचनयंत्र मी मेमध्ये थंड पेटीशेजारी ठेवतो. कंपनीचे नाव कशाला घ्या, पण मागच्या उन्हाळ्यात ते डॅशबोर्डवर राहिले आणि त्यानंतर पानाच्या एका कोपऱ्यात जुन्या पानाची सावली कायमची बसली. बहुतेक ई-पेपर पडद्यांची चालण्याची मर्यादा ० ते ५० अंश. बंद गाडीत, काचेखाली, मे महिन्यातल्या चंद्रपुरात ५० ही दुपारची सुरुवात असते.

तरीही हे यंत्र मला फार आवडते. झाडाखाली, चटचटत्या उजेडात फोनचा पडदा आरसा होतो आणि ई-पेपर जास्तच स्वच्छ दिसतो. कारण तो स्वतः उजेड टाकत नाही, आलेला उजेड परतवतो. लाखो सूक्ष्म कुप्या, प्रत्येकीत पांढरे आणि काळे कण, एकाला धन भार, दुसऱ्याला ऋण. मागून विजेचा दाब दिला की एक जात वर येते, दुसरी तळाला जाते, आणि दाब काढला तरी तिथेच राहतात. झेरॉक्सच्या पालो आल्टो प्रयोगशाळेत निक शेरिडन यांनी १९७० च्या दशकात गोळ्यांचा असा कागद करून पाहिला होता. कुप्यांची कल्पना घेऊन एमआयटीतल्या मंडळींनी १९९७ मध्ये ई इंक काढली. २००७ च्या किंडलने ती घरोघरी नेली. मधल्या काळात वचन मोठे होते: वर्तमानपत्र गुंडाळून खिशात घालायचे आणि सकाळी त्यावर नवा अंक उमटायचा. फिलिप्समधून निघालेल्या एका कंपनीने उलगडणारा पडदा केलाही, आणि २००९ मध्ये ती बुडाली. केंब्रिजच्या प्लास्टिक लॉजिकने प्लास्टिकच्या ट्रान्झिस्टरवरचे वाचनयंत्र जाहीर केले आणि २०१० मध्ये बाजारात न आणताच मागे घेतले. पडदा वाकवता येतो हे सिद्ध झाले होते. वाकवलेला पडदा कोणाला, कशासाठी हवा, याचे उत्तर नव्हते.

मला विचाराल तर एक जागा आहे. प्रसूतिकक्षाच्या दारावर, किंवा आयएलआरच्या अंगावर, ई-पेपरची एक पाटी. शेवटचे तपमान, वेळ, कोणत्या लसी किती. वीज गेली, बॅटरी संपली, तरी शेवटचा आकडा पुसला जात नाही. रात्री वीज गेल्यावर नेमके काय घडले हे सकाळी आलेल्या सिस्टरना दारातच कळेल. मी असा प्रस्ताव लिहून पाठवला आहे. सोबत लिहिले आहे की ५० अंशांच्या वरही चालणारा पडदा मागवा. उत्तरात माझ्याकडे पाटीचा मराठी नमुना मागितला आहे, तपमानाबद्दल काही नाही.

४.००, उपकेंद्र

इथे काम थोडे. समुदाय आरोग्य अधिकारी ताईंनी ईसीजीच्या चिकट इलेक्ट्रोडचे पाकीट दाखवले. पट्टीवर चांदी आणि चांदीच्या क्लोराइडची शाई, वर ओलसर जेल. पाकीट फोडून रबर लावून ठेवलेले, जेल वाळून खडखडीत. आलेखात नुसते झाडझंखाड. दोष यंत्राचा नव्हता. नवे पाकीट, घड्या घालून चिमट्याने बंद करायची पद्धत, आणि पाकिटावर उघडल्याची तारीख. संपले.

निघताना ताई म्हणाल्या, लवकर जा, मुरूमगावाकडून हत्तींची बातमी आहे. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून आलेला कळप या बाजूला रमला आहे. त्यांच्यासाठी वेळापत्रक बदलायला मुंबईची परवानगी लागत नाही.

५.३०, परतीचा रस्ता

लेखा-मेंढा लागले. या रस्त्यावरचा बांबू पूर्वी दीर्घ मुदतीच्या कराराने कागद कारखान्याकडे जायचा आणि गावाला त्यातून मजुरी मिळायची. एप्रिल २०११ मध्ये मेंढ्याच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतःच्या हातात मिळाले, केंद्रीय मंत्री गावात आले, देशभर बातमी झाली. मी इथून जाताना एक हिशेब मनात येतो. बांबूची मालकी कोणाची हे विचारायला वेळ लागला, पण शेवटी विचारले गेले. दवाखान्यातल्या यंत्रांबद्दल तो प्रश्न अजून विचारलेलाच नाही. काटा आरोग्य केंद्राचा, पण त्याच्या कीपॅडचा नकाशा कंपनीचा. कोणती रेघ कोणत्या पिनेला जाते हे मी मल्टिमीटरने शोधून वहीत काढून ठेवतो. नकाशा मिळाला तर चंद्रपुरातला पत्रिका छापणारा पॉलिएस्टरवर चांदीची शाई ओढून कीपॅड करून देईल. मी एकाला विचारले आहे. जाळी त्याच्याकडे आहे, हात आहे. शाई महाग आणि ती वाळवायला भट्टी हवी. भट्टीचे काय करायचे, असे तो विचारत होता. मी म्हटले, एप्रिल-मेमध्ये गच्चीवर ठेव. हसला, पण खरी भट्टी लागेल.

७.३०, गडचिरोली

दिवसाची नोंद. आधी ऑनलाइन, मग त्याचीच छापील प्रत तीन वेळा. ‘वापरलेले सुटे भाग’ या रकान्यात चांदीची शाई लिहिली तर हिशेबवाले विचारतात किती ग्रॅम. म्हणून ‘निरंक’ लिहितो. वजनकाट्याच्या नोंदीखाली दोनच पर्याय आहेत: दुरुस्त, किंवा निर्लेखन प्रस्तावित. ‘पाऊस पडेपर्यंत दुरुस्त’ असा पर्याय नाही. मी ‘दुरुस्त’वर खूण केली आणि योग्य मॉडेलच्या पाच कीपॅडची मागणी पुन्हा टाकली, यावेळी फोटोसह.

सही करतच होतो तेवढ्यात सकाळच्या केंद्रातल्या आशाताईंचा फोन. “सर, घरी नेलेल्या डबीचं झाकन रातभर उघडं राह्यलं होतं जी, आज समजलं. एकवीस पट्ट्या हायेत. फेकू का? हिशेब कसा दाखवू?”

फेकू नका, पण कोणाला लावूही नका, असे सांगितले. डबीवर आजची तारीख आणि ‘उघडी राहिली’ असे लिहा, वेगळी ठेवा. उद्या मी कुरखेड्याच्या बाजूला आहे. परवा कंट्रोल सोल्युशन घेऊन येतो, वेगवेगळ्या दोन-तीन पट्ट्या तपासतो. आकडा मर्यादेत नसेल तर उरलेल्या पट्ट्यांचा पंचनामा दोघे मिळून करू.

“पंचनाम्याला फॉर्म कोनता जी?”

त्याचा फॉर्म नाही. साध्या कागदावर लिहा, म्हटले.